कोल्हापूरहून देवबाग: मित्रांसोबत होडी, वाळूचं बेट आणि गरीचा एक निवांत दिवस

कोल्हापूरकराला मालवण नवं नाही. गगनबावड्याचा किंवा फोंड्याचा घाट उतरलं की चार-साडेचार तासांत समुद्र गाठता येतो. पण बहुतेक गट तिथं जाऊन किल्ला, स्कुबा, पॅरासेलिंग, डॉल्फिन आणि त्सुनामी आयलंड हे सगळं एका दिवसात उरकतात आणि दमूनभागून परततात. हा लेख वेगळ्या बेतासाठी आहे. पाच-सहा मित्र, एक होडी, कर्लीची खाडी, संगमाजवळचा वाळूचा पट्टा, हातात गरी (मासे धरायचा गळ) आणि दुपारी घरगुती खानावळीत स्वतः धरलेल्या माशांचं जेवण. बस्स, एवढंच.

एवढ्याशा बेतालाही तयारी लागतेच. ती आदल्या दिवशी पुरी झालेली असेल तर होडीत बसल्यावर कुणाला काही सांगावं लागत नाही. मात्र एक गोष्ट सगळ्यांनी आधीच मान्य करायला हवी: त्या दिवशीचं वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवणार आणि शेवटचा शब्द तांडेलाचा, म्हणजे होडी चालवणाऱ्याचा, असणार. हे ज्या गटाला जमतं, त्याचाच दिवस निवांत जातो.

जागा: देवबागच का

मालवणच्या आसपास बेटं बरीच, पण प्रत्येकाची सोय वेगळी. सिंधुदुर्ग किल्ला कुरटे बेटावर उभा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याची पायाभरणी झाली आणि १६६७ मध्ये काम पुरं झालं. समुद्राच्या मधोमध असूनही दूध बाव, दही बाव आणि साखर बाव या विहिरींना गोडं पाणी आहे, आणि राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळही तिथंच आहे. किल्ला बघायलाच हवा, पण त्यासाठी वेगळी सकाळ ठेवा. शिवाय किल्ल्याच्या अवतीभोवतीचं पाणी १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात येतं. तिथं गरी टाकायची नाही.

निवतीसमोर भर समुद्रात जे खडक आहेत, तिथं दीपगृह आहे आणि गुहांमध्ये पाकोळ्यांची घरटी आहेत. लांबून फार देखणे दिसतात. पण अंतर मोठं, लाटा मोठ्या आणि खडकावर उतरणं जोखमीचं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तो विचार सोडून द्यावा.

देवबाग मात्र या बेताला अगदी नेमकं बसतं. एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी अशी ती चिंचोळी पट्टी आहे. तिच्या टोकाला नदी समुद्राला मिळते, पलीकडे भोगवे आणि त्यापुढे निवतीचा किल्ला. ओहोटीला संगमाजवळ वाळूचे पट्टे उघडे पडतात. त्यांतल्या प्रसिद्ध पट्ट्याला त्सुनामी आयलंड म्हणतात, कारण २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असं तिथले लोक सांगतात. समुद्र खवळलेला असला तर खाडीच्या आतच दिवस काढता येतो, हा देवबागचा सगळ्यात मोठा फायदा. बाहेर जाता आलं नाही म्हणून बेत फसत नाही.

तारीख पंचांगातून काढा

आधी महिना. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत पर्यटकांच्या होड्या बंद असतात आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीवर बंदी असते. मे महिन्यात बंदी लागायची असली तरी शेवटच्या आठवड्यांत जाऊ नका. मान्सूनपूर्व वारे अचानक उठतात. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला होता. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला: पाणी निवळ, सकाळ गार, समुद्र शांत. नाताळ ते नवीन वर्ष हा आठवडा तेवढा टाळा.

मग तिथी. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येईल तो भरतीचा तास. पंचमी म्हणजे पाच, पाऊणपट पावणेचार. म्हणजे पंचमीला पहाटे पावणेचारच्या सुमारास भरती पूर्ण, सहा-सव्वासहा तासांनी म्हणजे सकाळी दहाच्या आसपास सुकती (पूर्ण ओहोटी) आणि पुन्हा दुपारी चारच्या सुमारास भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. पौर्णिमा आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल असो वा कृष्ण, दोन्ही पक्षांना हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी मोबाइलवर मालवणची भरतीची वेळ बघून घ्या. पण दोन महिने आधी तारीख ठरवायला हा हिशेब पुरेसा आहे.

आपल्याला हवी ती तारीख चतुर्थी-पंचमीच्या आसपासची, आणि त्याला कारणं तीन. सकाळी नऊ-दहाला सुकती असली की वाळूचा पट्टा कोवळ्या उन्हात उघडा मिळतो. त्यानंतर पाणी चढायला लागतं, तेव्हा मासा खायला निघतो. आणि दुपारी बाराच्या सुमारास परतताना पाणीही आत येत असतं, वाराही आत येत असतो. शिवाय अमावास्या-पौर्णिमेचं उधाण ओसरलेलं असतं, त्यामुळे खाडीतला ओढ कमी होतो आणि नवशिक्याच्या गरीला वजनासाठी लावलेलं शिसंही तळाला टिकतं.

चतुर्थीला एक अडचण आहे. गटात एकाचा तरी संकष्टीचा उपास निघतो, आणि मित्र साबुदाणा खात असताना बाकीच्यांनी मासे खायचे हे बरं वाटत नाही. म्हणून पंचमीच धरा. वारही बघा. सोमवार, गुरुवार, शनिवार न खाणारे आपल्याकडे घरोघरी असतात आणि मार्गशीर्षातले गुरुवार तर विचारूच नका. बुधवारी किंवा शुक्रवारी पंचमी आली तर एक रजा टाका. संगमावर शनिवार-रविवारच्या निम्मीही गर्दी नसते.

शेवटचं राहिलं हवामान. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था किनाऱ्यासाठी लाटांच्या उंचीचा अंदाज देते आणि हवामान खातं मच्छीमारांना इशारे देतं. जायच्या दोन दिवस आधीपासून दोन्ही बघत राहा. बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल तर बेत पुढे ढकला. त्यावर चर्चा नको.

होडी आणि तांडेल

होडी माणशी दराने न घेता अख्खी घ्या, आणि तासांवर ठरवा. फोनवरच साफ सांगा, "दादा, आम्हाला स्कुबा नको, डॉल्फिनची फेरी नको. सकाळी साडेसहा ते दुपारी साडेबारा होडी पाहिजे. गरवायचं आहे, आणि सुकतीला वाळूवर थोडं बसायचं आहे." एवढं ऐकल्यावर तांडेलाला माणसं कशी आहेत ते कळतं, आणि पुष्कळदा तो स्वतःच चांगली जागा सुचवतो. डिझेल दरात धरलंय का, गऱ्या आणि आमिष तो देणार का, हे त्याच फोनवर विचारून घ्या. पैसे एकदा ठरले की किनाऱ्यावर उतरल्यावर घासाघीस करू नका. त्याची अख्खी सकाळ तुम्ही घेतलेली असते.

विचारायच्या चार गोष्टी: प्रवासी वाहतुकीचा परवाना आहे का, किती माणसांचा आहे, प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का, आणि तांडेलासोबत दुसरा माणूस असतो का. सहा जणांच्या परवान्यावर आठ जण बसवायला कुणी तयार झाला तर ती होडी सोडा. जॅकेट हातात घेऊन बकल लावून बघा. तुटक्या बकलाचं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं.

शिडाबद्दल. आता बहुतेक होड्या यंत्रावर चालतात. उलांडीच्या (बाजूला तोल सांभाळणारा ओंडका असलेल्या) होडीवर किंवा एखाद्या जुन्या होडीवर शीड बांधता येत असेल तर ते आधी सांगावं लागतं, कारण डोलकाठी आणि शीड रोज होडीत नसतं. मिळालं तर परतीच्या वाटेवर नक्की लावायला सांगा. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि जमीन तापली की अकरा-बारापासून समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. यंत्र येण्याआधी कोळी मतलईवर बाहेर पडायचे आणि खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचे. खाडीच्या तोंडातून आत आल्यावर यंत्र बंद केलं आणि शीड भरलं, की होडी एका कुशीला किंचित कलते आणि फक्त नाळेखालच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाखालच्या, पाण्याचा आवाज राहतो. त्या अर्ध्या तासासाठी एवढी खटपट करणं मला तरी योग्य वाटतं. शीड नाही मिळालं तर निदान यंत्र बंद करून होडी भरतीवर वाहू द्या. तेही छान असतं.

गरीचं सामान

रॉड आणि रीळ नसलं तरी काही बिघडत नाही. छोट्या होडीत सहा रॉड म्हणजे एकमेकांच्या डोळ्याला धोका. हातगरी उत्तम. माणशी ४०-५० मीटर तंगूस (गरीची नायलॉनची दोरी), जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, लाकडी फळीवर किंवा प्लॅस्टिकच्या रिळावर गुंडाळलेला. शिसं ५० ग्रॅमपासून १०० ग्रॅमपर्यंत, दोन-तीन वजनांचं. ओढ वाढला की जड लावायचं. गऱ्या घेताना लक्षात ठेवा, एकपर्यंतच्या नंबरांत आकडा जितका मोठा तितकी गरी बारीक. मुडदुशीसारख्या लहान तोंडाच्या माशाला आठ-दहा नंबरची चालते, तांबोशीला मोठी लागते. दोन्ही घ्या, आणि जादा घ्या. खडकात अडकून तुटणारच.

गाठ घरी बसून शिका, होडीत नाही. तंगूसाचं टोक गरीच्या डोळ्यातून काढा. ते मूळ तंगूसाभोवती पाच-सहा वेढे द्या. टोक परत आणून डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून ओवा, आणि त्यामुळे जो मोठा फास तयार होतो त्यातूनही काढा. आता थुंकीने ओलं करून सावकाश ओढा. कोरडा ओढला तर घर्षणाने तंगूस तापतो आणि नेमका गाठीपाशी कमजोर होतो. वेढे एकाशेजारी एक नीट बसले की टोक कापा. टीव्ही बघताना दहा-बारा वेळा बांधली की हात बसतो.

तळाला मासा धरायची मांडणी सोपी आहे. शिसं अगदी टोकाला, आणि गरी त्याच्या वीत-दीड वीत वर, बाजूला काढलेल्या चार बोटांच्या तुकड्यावर. म्हणजे शिसं वाळूवर टेकतं आणि आमिष माशाच्या तोंडासमोर लोंबतं.

आमिष म्हणून ताजी कोळंबी सगळ्यात भरवशाची. सोलून, शेपटीकडून गरीवर चढवत न्यायची आणि टोक जेमतेम बाहेर ठेवायचं. माकूल (स्क्विड) मिळाला तर त्याच्या बोटभर पट्ट्या कापा. चिवट असल्याने लहान मासे टोचून पळवू शकत नाहीत. आदल्या संध्याकाळी मालवण बंदरावर मासळीचा लिलाव चालतो, तिथं आमिषही मिळतं आणि या पाण्यात सध्या काय लागतंय तेही कळतं.

याखेरीज छोटी कात्री, पक्कड, जुनं सुती फडकं, आणि तर्जनीला गुंडाळायला चिकटपट्टी. ओला तंगूस भरभर सरकला की बोट ब्लेडसारखं कापतो.

आदल्या दिवशी निघा

रात्री दोनला कोल्हापूर सोडून सकाळी सहाला होडीत बसायचं, हे जमतं. पण करू नका. चालवणारा मित्र दिवसभर पेंगतो आणि रात्रीच्या घाटाचा धोका वेगळाच. आदल्या दुपारी जेवून निघा. फुलेवाडी, बालिंगा, गगनबावडा करत करूळ घाटाने वैभववाडी आणि पुढे तळेरे-कणकवली-कसाल-मालवण हा एक रस्ता. राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाटाने हा दुसरा, आणि झाडीमुळे मला जास्त आवडतो. दाजीपूरच्या पट्ट्यात सांजसकाळी गवे रस्त्यावर येतात, तेव्हा वेग कमी ठेवा आणि हॉर्न वाजवत बसू नका. पावसाळ्यानंतर कुठल्या ना कुठल्या घाटाचं काम निघतं, म्हणून निघण्याआधी चौकशी करा.

मुक्काम देवबागमध्येच, खाडीच्या बाजूला एखाद्या घरी. पोचल्यावर काकूंना विचारून ठेवा, "काकू, उद्या आम्ही मासे आणले तर करून द्याल ना?" आणि "नाही मिळाले तर?" हेही विचारा. त्या आधीच बाजारातून काही घेऊन ठेवतात. रात्रीचं जेवण हलकं असू द्या. घरून डब्यात आणलेला तांबडा-पांढरा दुपारच्या वाटेवर संपवा. झणझणीत खाऊन सकाळी लाटांवर बसणं पोटाला झेपत नाही.

पहाट ते दुपार

साडेपाचला उठा. कोरा चहा, दोन बिस्किटं किंवा केळं. भरपेट नको आणि रिकामं पोटही नको. ज्याला गाडी लागते त्याने मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून आणून ठेवावी आणि निघण्याआधी तासभर घ्यावी. होडीत बसून मळमळायला लागल्यावर तिचा उपयोग होत नाही.

साडेसहा-पावणेसातला होडी सुटली की पाणी अजून उतरत असतं. खाडीचं तोंड ओलांडून बाहेर जायचं की नाही, हे तांडेल तिथं जाऊन लाटा बघून ठरवतो. तोंडाशी वाळूचा उंचवटा असतो, त्यावर समुद्राच्या लाटा फुटतात. उतरतं पाणी बाहेर धावत असताना समोरून वारा आला तर त्या लाटा ताठ उभ्या राहतात आणि लहान होडीला तिथं फार जपावं लागतं. सकाळी मतलई असल्याने बहुधा पाणी सपाट असतं. तरीही तो "आज बाहेर नको" म्हणाला तर "दादा, जरा जाऊन बघूया की" असा आग्रह धरू नका. खाडीतही तांबोशी, काळुंदर, चोणक असतात.

नांगर टाकल्यावर सहाही जण एकाच अंगाला जमू नका. तिघं डावीकडे, तिघं उजवीकडे, मध्ये एकेक हात अंतर. आता गरी सोडायची. शिसं पाण्यात अलगद सोडा, तंगूस तर्जनीवरून सरकू द्या. एका क्षणी तो ढिला पडतो: तळ आला. तिथून वीतभर वर उचला आणि तंगूस ताणलेला ठेवून बोटाच्या पेरावर धरा. सगळं लक्ष त्या पेरावर.

पहिली टकटक लहान माशांची असते. हात हलवू नका. टकटक थांबून तंगूस खाली किंवा बाजूला जायला लागला, की मग हात खांद्यापर्यंत एकसारखा उचला. हिसडा दिला तर आमिष तोंडातून सुटतं किंवा माशाचा ओठ फाटतो. मासा लागलाय हे वजनावरून कळतं. मग एका हातामागे दुसरा हात असं ओढत या, मधे ढील देऊ नका. ओढलेला तंगूस पायाशी एका बाजूला पडू द्या, त्यावर पाय ठेवू नका. आणि एक नियम काही झालं तरी मोडू नका: तंगूस हाताला गुंडाळायचा नाही. मोठा मासा किंवा दुसऱ्या होडीचा पंखा त्यात अडकला तर बोट जाऊ शकतं.

नऊच्या पुढे चावे थांबतात. पाणी सुकतीला येऊन उभं राहिलेलं असतं. "आता सुकती लागली, वायच थांबा," असं तांडेल म्हणतो, आणि हीच वाळूवर उतरायची वेळ. प्रसिद्ध पट्ट्यावर तोवर होड्यांची रांग लागलेली असते, म्हणून त्याला भोगव्याच्या बाजूचा किंवा खाडीत वरचा एखादा मोकळा पट्टा विचारा. इथं न्याहारी: भाकरी, ठेचा, कांदा, दही, घरचं भडंग. वाळूवर बसून ठेचा-भाकरीची जी चव लागते, तिच्यासाठी ते गाठोडं कोल्हापूरहून आणणं सार्थकी लागतं.

वाळूवर असताना दोन पथ्यं. संगमाच्या धारेत पोहायला उतरायचं नाही. पंचगंगेत किंवा कोटितीर्थात लहानपणापासून सूर मारणारे आपले गडी पोहण्यात पक्के असतात, पण नदीत ओढ एकाच दिशेचा असतो. इथं नदीचा ओढ, समुद्राची लाट आणि पायाखाली सरकणारी वाळू एकाच वेळी असते. दुसरं, पाणी चढायला लागलं की पट्ट्याच्या लांबच्या टोकाला जाऊ नका. भरती आधी मागच्या खोलगट वाटेत भरते आणि आपण पाण्याच्या मधोमध उरतो. तांडेलाने हाक मारली की लगेच उठायचं, फोटो राहिले तर राहू द्यायचे.

साडेदहाच्या सुमारास पाणी फिरतं. होडी नांगरावर वळून उलट्या तोंडाने उभी राहते, त्यावरूनच कळतं. दिवसाचा सगळ्यात चांगला तास-दीड तास हाच. तळातले किडे आणि बारीक मासळी चढत्या पाण्याबरोबर खाडीत शिरते आणि मोठे मासे तिच्यामागे येतात. वीस मिनिटं काहीच लागलं नाही तर जागा बदलायला सांगा. पण दर पाच मिनिटांनी बदलू नका.

मासा होडीत आल्यावर

ओळख पटल्याशिवाय कुठल्याही माशाला हात लावायचा नाही, तांडेलाला विचारायचं. शेंगटीच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना विषारी काटे असतात. पाखटाच्या शेपटीवर काटा असतो. काटा लागलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. उष्णतेने ठणका कमी होतो, आणि मग डॉक्टर गाठा. थर्मासमध्ये गरम पाणी नेणं एवढ्यासाठीही बरं. फुगणारा केंड लागला तर त्याला खाण्याचा विचारही नको. त्याचं विष शिजवून जात नाही. पक्कडीने गरी काढून सोडून द्या.

लहान मासे परत सोडा. हाताला आधी पाणी लावा, मग धरा, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर जात नाही आणि मासा जगतो. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला आहे. तो व्यावसायिक मासेमारीचा नियम म्हणून सोडून देऊ नका. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणाऱ्यांची घरं याच पाण्यावर चालतात, आणि आपण हौसेसाठी आलेलो असतो. सहा जणांच्या दुपारच्या जेवणापुरते मासे झाले की गऱ्या वर घ्या.

तुटलेल्या तंगूसाचा तुकडाही पाण्यात टाकू नका. कासवं आणि पक्षी त्यात अडकून मरतात. याच जिल्ह्यात वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. गरीला कासव लागलं तर ओढाओढ न करता होडीजवळ आणा आणि तंगूस तोंडापाशी कापा. डॉल्फिन दिसले तर यंत्र मंद ठेवायला सांगा. पाठलाग केला नाही तर बऱ्याचदा ते स्वतःच जवळून जातात.

ठेवायचे मासे लगेच बर्फात. ही नुसती चवीची बाब नाही. बांगडा, सुरमई असे मासे उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते तळून-शिजवून जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंगावर पित्त उठतं. पेटीत जितक्या वजनाचे मासे तितका बर्फ हा हिशेब ठेवा.

मळमळ, ऊन आणि बाकीची काळजी

होडीत कुणाला मळमळायला लागलं तर त्याला मध्यभागी, यंत्राच्या धुरापासून लांब बसवा आणि नजर क्षितिजावर ठेवायला सांगा. मोबाइल बघणं आणि खाली वाकून आमिष लावणं बंद. आल्याचा तुकडा चघळायला द्या. त्याची गरी दुसऱ्याने ओवून द्यावी.

पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, दोरीची टोपी, माणशी निदान दोन लिटर पाणी. जीन्स नको, ती भिजली की जड होते. कोल्हापुरी चपला खोलीवर ठेवा, खाऱ्या पाण्याने चामड्याची वाट लागते. पट्ट्याच्या रबरी सॅंडल घाला, खडकांवरची कालवं तळपाय चिरतात. फोन आणि गाडीची किल्ली पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, आणि ती पिशवी एकाकडेच.

दारू होडीवर नाही, आणि होडीत बसायच्या आदल्या रात्रीही नाही. पाण्यात पडलेल्या शुद्धीतल्या माणसाला वर घेणंही सोपं नसतं. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४ आणि सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक ११२ सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. मुक्कामाच्या घरी होडीचं नाव, तांडेलाचा नंबर आणि परतायची वेळ सांगून निघा.

जेवण आणि परतीचा बर्फ

साडेबाराला किनाऱ्यावर. मासे साफ करायला काकूंना मदत करा, खवले काढायला दोघं जण बसा. मसाला त्यांच्यावर सोडा. कोल्हापुरी कांदा-लसूण मसाल्याचा डबा पिशवीत असला तरी तो बाहेर काढू नका. ताज्या मुडदुशीला मीठ, हळद, कोकमाचं आगळ, थोडं तिखट आणि वरून तांदळाचं पीठ एवढंच पुरतं. बांगडा मिळाला असेल तर तिरफळ घातलेलं तिकलं करायला सांगा. सोबत भात आणि सोलकढी.

घरी न्यायला मासे हवे असतील तर ते बंदरावरून विकत घ्या, आपण धरलेल्यांतून उरवू नका. आतडी काढून, धुऊन, थर्माकोलच्या पेटीत बर्फाचा थर, माशांचा थर, पुन्हा बर्फ. पेटीच्या तळाला भोक ठेवा आणि खाली परात; वितळलेल्या पाण्यात मासा बुडून राहिला की मऊ पडतो. घाटाआधी एकदा बर्फ बघून घ्या, कणकवलीत पुन्हा भरता येतो. तिथून साडेतीनपर्यंत निघालात तर घाट उजेडात चढून होतो.

कोल्हापुरात पोचल्यावर त्याच रात्री गऱ्या आणि शिसं गोड्या पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी पुसून, खोबरेल तेलाचं बोट फिरवून डब्यात भरा. तंगूस उन्हात वाळवू नका, सावलीत वाळवा आणि शेवटचे दोन-तीन मीटर बोटांतून ओढून बघा. जिथं खरखरीत लागतो, तिथून पुढचा भाग कापून टाका.